डिसेंबरातलं वादळ: आधी खिडकीतला आकाशकंदील काढा, भजी नंतर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बोरिवलीला जुन्या बिल्डिंगमध्ये चौथा मजला, मुलं सात आणि अकरा वर्षांची, सासूबाई ८१ च्या आणि त्यांना दमा, मिस्टर कामाला बाहेरगावी, हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आलाय, उद्या शाळेला सुट्टी, आणि रविवारी गच्चीवर धाकट्याचा वाढदिवस ठरलाय, मंडपवाल्याला ॲडव्हान्ससुद्धा दिलाय. तर घाबरायचं किती, करायचं काय, आणि पोरांना दिवसभर घरात रमवायचं कसं.

मी वायरमन आहे, परवाना मिळून तीस वर्षं होत आली, दादरपासून बोरिवलीपर्यंत बऱ्याच सोसायट्यांचं लाईटचं काम बघतो आणि सिव्हिल डिफेन्सचं ट्रेनिंग घेतलेलं आहे. त्यामुळे माझी सुरुवात विजेपासूनच होणार, चालवून घ्या.

ऑरेंज म्हणजे ‘तयार राहा’. यलो म्हणजे लक्ष ठेवा, रेड म्हणजे आता हालचाल करा. म्हणजे तुमच्याकडे आजची संध्याकाळ आहे, आणि तेवढी पुरते. पण एक गोष्ट डोक्यात घ्या, डिसेंबरातला पाऊस जुलैच्या पावसापेक्षा कमी असतो हे खरंय, त्रास मात्र वेगळाच देतो, कारण जुलैत आपण तयार असतो. मे महिन्यात झाडं छाटलेली असतात, गटारं उपसलेली असतात, गच्चीवर डांबर-ताडपत्री झालेली असते, मच्छीमारांच्या बोटी बंदीमुळे किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, छत्री दाराला लटकत असते. डिसेंबरात यातलं काहीच नसतं. पावसाळाभर झाडं परत माजलेली, गच्चीवर वाळवणं आणि लग्नाची लायटिंग, बोटी भर समुद्रात, रेनकोट माळ्यावर पिशवीत चिकटून बसलेले.

ओखी वादळ आठवतंय का, डिसेंबर २०१७? केरळ-लक्षद्वीपला झोडपून वर आलं. तिकडच्या कितीतरी बोटी देवगडला आसऱ्याला आल्या होत्या, आणि ५ डिसेंबरला मुंबईत शाळा बंद ठेवल्या होत्या. वादळ सुरतेकडे पोचायच्या आतच ढेपाळलं, मुंबईत फार मोठं काही झालं नाही, पण त्याच्या दोनच दिवस आधी दत्तजयंतीची पौर्णिमा झाली होती, म्हणजे उधाणाची भरती, त्यामुळे समुद्राने आपलाच सगळा कचरा उचलून जुहू-दादर चौपाटीवर परत आणून टाकला. शिवाजी पार्कला ६ डिसेंबरसाठी लांबून लांबून लोक आलेले, मैदानात चिखल, त्यांना पालिकेच्या शाळांमध्ये हलवावं लागलं.

त्या दिवशी मी दादरच्या एका सोसायटीत होतो. लिफ्ट बंद पडली म्हणून फोन आला, गच्चीवर गेलो तर घोट्याच्या वर पाणी! पावसाचं पाणी उतरायच्या पाइपच्या तोंडाशी जी जाळी असते ना, तिच्यावर सुकलेली पानं, एक फाटका पतंग आणि कुणाचातरी उशीचा अभ्रा, असं सगळं मिळून अगदी बूच बसलेलं. तुंबलेलं पाणी लिफ्टच्या मशीन रूमच्या दाराखालून आत शिरलं होतं. हात घालून अभ्रा ओढला तर भसकन भोवरा झाला आणि दहा मिनिटांत गच्ची मोकळी, पण लिफ्टचं पॅनेल गेलं ते गेलंच, पुढे आठ दिवस म्हातारी माणसं घरात अडकून. म्हणून आज सेक्रेटरींना फोन करून एवढंच सांगा की वॉचमनला वर पाठवून चारी कोपऱ्यांतल्या जाळ्या साफ करून घ्या आणि मशीन रूमच्या दाराशी दोन वाळूच्या गोणी टाका. दहा मिनिटांचं काम आहे. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण नीट बसतंय का तेही बघायला सांगा, नाहीतर कंपाउंडमधलं घाण पाणी त्यात जातं आणि मग सगळ्या बिल्डिंगचं पोट बिघडतं.

आता तुमचं घर. सगळ्यात आधी खिडकीत जा आणि दिवाळीचा आकाशकंदील अजून लटकतोय का बघा. हसू नका, डिसेंबरात निम्म्या बिल्डिंगांवर तो असतोच, वर नाताळचे तारे. कंदील महत्त्वाचा नाही, त्याची वायर महत्त्वाची. दोन पदरी पातळ वायर, मध्ये कुठेतरी जोड आणि जोडावर सेलोटेप, इन्सुलेशन टेपसुद्धा नाही, आणि ही वायर लोखंडी बॉक्स ग्रिलला गुंडाळलेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोरडं असतं तोवर सगळं छान. तिरका पाऊस आला की होल्डरमध्ये पाणी, जोडात पाणी, आणि आख्ख्या ग्रिलमध्ये करंट. त्याच ग्रिलला धरून पोरं पाऊस बघायला उभी राहतात. मी स्वतः टेस्टर लावून बघितलंय, ग्रिलला लावला आणि दिवा लागला. तेव्हा आधी प्लग काढा, मग कंदील काढा, स्विच बंद केला म्हणजे झालं असं समजू नका, जुन्या बिल्डिंगांत स्विच न्यूट्रलवर बसवलेला मी शंभर वेळा पाहिलाय, म्हणजे बंद केला तरी वायरीत करंट असतोच.

मग मीटरपासून जी लाईन घरात येते तिथला बोर्ड उघडा. त्यात एमसीबींच्या, म्हणजे आपोआप पडणाऱ्या छोट्या स्विचांच्या रांगेत एक जरा रुंद असतो, त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं, तो आरसीसीबी, कुठे करंट गळला की लाईट तोडणारा, जुने लोक ईएलसीबी म्हणतात. बटण दाबा. खटकन पडला तर चांगलं, परत वर करा. दाबूनही पडला नाही तर तो मेलेला आहे, तुमच्या जिवाची राखण करणारा तोच आणि तो झोपलाय, उद्याच्या उद्या बदलून घ्या. आणि असं काही बोर्डात नसेलच, जुन्या वायरिंगमध्ये बरेचदा नसतं, तर वादळाचे दोन दिवस खिडकीजवळचे, बाल्कनीतले सगळे पॉइंट बंद म्हणजे बंद.

रात्री मध्येच लाईट गेली आणि शेजाऱ्यांकडे आहे, तर बोर्डावर काय पडलंय ते बघा. आरसीसीबी पडला असेल तर सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा, ज्याला हात लावल्यावर परत पडेल त्या लाईनीत पाणी गेलंय, ती तशीच बंद ठेवा आणि बाकी घर चालू द्या. पडलेला स्विच दोन-तीनदा जबरदस्तीने वर करणं किंवा त्याला काडी लावून अडकवून ठेवणं, हो, असेही महाभाग आहेत, हे अजिबात नको. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, आणि बोर्डाच्या वरूनच भिंतीला ओल आली असेल तर हात न लावता वायरमनला बोलवा.

बॉक्स ग्रिलमधल्या कुंड्या खाली उतरवून घरात घ्या, तुळससुद्धा. चौथ्या मजल्यावरून पडलेली कुंडी खाली कुणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही. कपड्यांचे दांडे, एसीवरचा पत्रा, जे काही वाजतंय ते बांधून टाका.

आणि आता जी गोष्ट कुणीच विचारत नाही पण ज्याची मला पावसापेक्षा जास्त भीती वाटते ती सांगतो. तुमच्याकडे गॅसचा गिझर आहे असं तुम्ही लिहिलंय. मुंबईकराला थंडीची सवय नाही, २०-२२ डिग्रीत आपण मफलर बाहेर काढतो. (सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ पर्यंत गेलं होतं, तो अजून रेकॉर्ड आहे, आता तसलं काही नाही.) वारा सुटला, पाऊस आला की माणूस पहिलं काय करतो तर बाथरूमची काचेची पट्ट्यांची खिडकी बंद करतो, फटीत पेपर कोंबतो आणि गरम पाण्याने मस्त अंघोळ करतो. बंद बाथरूममध्ये गॅसचा गिझर चालला की आतला ऑक्सिजन कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस तिथेच बसतो. त्यामुळे या दोन दिवसांत गिझर लावून बादली भरायची, गिझर बंद करायचा, दार पाच मिनिटं उघडं ठेवायचं आणि मग अंघोळीला जायचं, खिडकीच्या पट्ट्या उघड्याच. सासूबाईंना तर स्वयंपाकघरातच पातेल्यात पाणी तापवून द्या, सगळ्यात सोपं. हाच नियम कोळशाच्या शेगडीला. तुमच्या वॉचमनच्या केबिनमध्ये डोकावून बघा, थंडी वाजते म्हणून बिचारा घमेल्यात निखारे घेऊन दार लावून बसलेला असतो. त्याला एक जुनं ब्लँकेट द्या आणि घमेलं बाहेर काढायला लावा.

सासूबाईंचं म्हणाल तर थंडीपेक्षा ओल वाईट. अंग ओलं आणि वर वारा, यात शरीर फार पटकन गारठतं. १ डिसेंबर २०२१ ला मुंबईत असाच दिवसभर पाऊस होता, तेव्हा आपण पंखे बंद करून चहा पीत बसलो, पण तिकडे जुन्नर-आंबेगावला उघड्यावरच्या मेंढ्या भिजून-गारठून शेकड्यांनी मेल्या, आणि त्यांच्या अंगावर तर लोकर असते. म्हणून सासूबाईंच्या पायात मोजे, कानाला स्कार्फ, आणि खिडकीतून आलेल्या पाण्यावर पाय पडून घसरू नये म्हणून वाटेत पोतं किंवा जुनी चादर. नेब्युलायझर लाईटवर चालतो हे लक्षात ठेवा, लाईट गेली तर काय? दम्याचा पंप (इन्हेलर), त्याची स्पेसरची नळी आणि रोजच्या गोळ्या एका डब्यात उशाशी ठेवा, आणि लाईट गेल्यावर काय द्यायचं हे त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारून घ्या. मच्छर कॉइल आणि धूप हे दोन दिवस नको, खिडक्या बंद असतात आणि धूर सगळा छातीत जातो.

पाणी भरून ठेवा, कारण लाईट गेली की पंप बंद आणि पंप बंद की वरची टाकी रिकामी. मोबाईल, पॉवर बँक, टॉर्च चार्ज. मेणबत्ती मला आवडत नाही, पडदे वाऱ्याने उडतात आणि पोरं त्यातच हात घालतात. त्याऐवजी टॉर्च उभा ठेवून त्यावर पाण्याने भरलेली बाटली ठेवा, आख्ख्या खोलीत मऊ उजेड पडतो, पाण्यात दोन थेंब दूध टाकलं तर आणखी छान, पोरं खूश. पालिकेचा आपत्कालीन नंबर १९१६, झाड पडलं, पाणी तुंबलं तर तिथे. आग लागली तर १०१. दोन्ही फ्रीजवर चिकटवून ठेवा, मोबाईल बंद पडला की नंबर कुणालाच पाठ नसतात.

बाहेर जायचंच असेल तर लवकर जाऊन लवकर या. दोन महिने रस्ता कोरडा असतो, त्यावर तेल आणि धूळ साचलेली असते, पहिल्या अर्ध्या तासाच्या पावसात त्याची बुळबुळीत साय होते, बाईकवाले धडाधड पडतात. झाडाखाली आणि होर्डिंगखाली उभं राहू नका, गाडीपण लावू नका. गुलमोहर, सोनमोहर दिसायला देखणे, पण वाऱ्यात फांदी टाकायला वेळ लावत नाहीत. आणि १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ माणसं गेली, तेही पावसाळ्याच्या आधीचं अवेळी आलेलं वादळच होतं. साचलेल्या पाण्यातून जावं लागलं आणि पायाला जखम असेल तर घरी येऊन साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, लेप्टो, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा ताप, कॅलेंडर बघून येत नाही. लाटा बघायला मरीन ड्राइव्हला किंवा गोराईला जायचा मोह तर विसराच, रील बनवायला किनाऱ्यावरच्या टेट्रापॉडवर, त्या सिमेंटच्या मोठ्या दगडांवर उतरणाऱ्यांना मी हात जोडतो.

बरं, हे सगळं संध्याकाळी दीड-दोन तासांत उरकतं. त्यानंतर खरंच मजा करा, मी तर म्हणतो मुंबईत अशी सुट्टी नशिबाने मिळते, परीक्षा नाही, क्लास नाही, पाहुणे नाहीत.

अकरा वर्षांच्या मुलाला हवामान खातं करून टाका. एक सरळ उभ्या कडांचा काचेचा किंवा स्टीलचा पेला घ्या, वर-खाली तोंड सारखंच हवं, निमुळता नको. कंदील निघाल्यावर, ग्रिल कोरडं आहे तोवरच तुम्ही स्वतः तो ग्रिलच्या पुढच्या टोकाला सुतळीने घट्ट बांधा, वरच्या छज्जाच्या बाहेर यायला हवा. नंतर पेल्याला हात लावायचा तो मोठ्यांनीच, आणि वीज कडाडत असेल तर तेव्हा नाहीच. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, तेव्हा बरोबर साडेआठला पेला आत घेऊन त्याने पट्टीने मोजायचं, वहीत लिहायचं, पेला रिकामा करायचा. ६४.५ मिलिमीटरच्या वर गेलं की खात्याच्या भाषेत मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार. मग सांताक्रूझ आणि कुलाब्याचा आकडा मोबाईलवर बघायचा आणि आपला ताडून बघायचा. गणितपण होऊन जातं, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर ६५ मिलिमीटर पडला तर सहा हजार लिटर! आता त्याला विचारा की जाळी तुंबली तर ते कुठे जाईल, सेक्रेटरी काकांना तोच जाऊन सांगेल.

धाकट्याला वीज मोजायला द्या. चमकली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं म्हणत गडगडाटापर्यंत मोजायचं, आकड्याला तीनने भागलं की किती किलोमीटरवर पडली ते कळतं. तीसच्या आत आकडा आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा खिडकीपासून लांब, नळाखाली हात नको, चार्जिंगला लावलेला फोन कानाला नको, टीव्हीचा प्लग काढलेला. घाबरणारं पोर मोजायला लागलं की घाबरायचं विसरतं, हे मी माझ्या पुतणीवर करून बघितलंय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, जवळपास कुठे विजा पडतायत ते दाखवतं, तुम्ही ते ठेवा, पोरांना तोंडीच मोजू द्या.

पत्ते काढा. चौघं आहात, सासूबाईंना धरून मेंढीकोट मस्त जमेल, आणि खात्री बाळगा त्याच जिंकणार. कॅरम काढलात तर आधीच सांगतो, दमट हवेत बोरिक पावडरीचे गोळे होतात आणि स्ट्राइकर चालत नाही, बोर्ड कोरड्या फडक्याने पुसून पावडर गाळणीतून भुरभुरवा. नाव-गाव-फळ-फूलला कागद-पेन्सिल पुरते. रात्री लाईट गेली तर भिंतीवर हाताच्या सावल्या, आणि सासूबाईंना त्यांच्या लहानपणच्या चाळीतल्या भुताची गोष्ट सांगायला लावा, चाळीत वाढलेल्या प्रत्येक माणसाकडे एक तरी भूत असतंच.

खायचं काय हे मी सांगायला नको, पण या दिवसांत नुसत्या कांदाभजीवर भागवू नका, ती जुलैत असतातच. बाजारात आत्ता मटार, वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी सगळं आलंय. अलिबागकडे थंडीत शेतात मडकं उलटं घालून भांबुर्ड्याच्या वासाच्या रानपाल्यात पोपटी, म्हणजे शेंगा भाजायचा बेत, लावतात, आपल्याला चौथ्या मजल्यावर ते शक्य नाही, पण जाड बुडाच्या पातेल्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा, जाडं मीठ घालून वर केळीचं पान झाकून मंद गॅसवर अर्धा-पाऊण तास ठेवा, तळाला पाण्याचा एक हबका मारायचा फक्त. भांबुर्ड्याचा वास येणार नाही पण पोरं शेंगा सोलण्यात तास घालवतील. बरोबर बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. स्वयंपाक मात्र दिवसाउजेडी उरकून घ्या आणि स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडी असू द्या.

राहिला वाढदिवस. गच्चीवरचा मंडप रद्द करा, काहीही झालं तरी. कनात म्हणजे शिडच असतं, वारा भरला की बांबूसकट उचलतं आणि गच्चीवरून गेलं तर खाली रस्ता आहे. त्यात मंडपवाल्याची लायटिंगची वायर ओल्या गच्चीवर, म्हणजे परत माझंच काम. मंडपवाल्याला आजच फोन करा, बांबू आधीच आणून रचून ठेवू नकोस म्हणावं, ॲडव्हान्स पुढच्या रविवारला वळवून घ्या, अशा दिवसांत तोही ऐकतो कारण त्याचंही कापड फाटतं. नाहीच ऐकला तर ॲडव्हान्स सोडा. आणि या रविवारी घरातल्या घरात पाच-सहा मित्र बोलवून केक कापायचा असेल तर क्रीमचा केक आदल्या दिवशी आणून ठेवू नका, लाईट गेली की फ्रीज न उघडता चारेक तास थंड राहतो, आणि केक आत आहे हे माहीत असल्यावर सात वर्षांचं पोर तो चार तास बंद ठेवू देईल असं मला तरी वाटत नाही. रव्याचा केक कुकरमध्ये करा, नाहीतर शिरा करून त्यावर मेणबत्ती लावा.